जातिवंत श्वानांची नोंदणी आणि आरोग्यतपासणी

लांब पाय, निमुळते मस्तक, आत ओढलेले पोट आणि तीक्ष्ण नजर ही कारवानी कुत्र्याची लक्षणे होत. मराठवाड्यात, विशेषतः लातूर परिसरात, तसेच कर्नाटकातील मुधोळच्या आसपास हा वाण पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या संवर्धनास राजाश्रय दिला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे त्याचे काम संपले. तथापि शेताच्या व घराच्या राखणीसाठी त्याला आजही मागणी आहे. मात्र मागणीबरोबर फसवणुकीचीही शक्यता वाढते. केवळ रूप पाहून ‘अस्सल’ म्हणून घेतलेले पिलू पुढे संकरित किंवा रोगट निघाले, तर ग्राहकाचे नुकसान होते आणि वाणाचीही अवनती होते. म्हणूनच नोंदणी व आरोग्यतपासणी या दोन्ही बाबींची नीट माहिती असणे आवश्यक आहे.

नोंदणीचे तीन प्रकार

‘नोंदणी’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. पहिली नोंदणी संपूर्ण वाणाची. ती कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था करते. राजपालयम, चिप्पीपराई व मुधोळ हाउंड या देशी श्वानवाणांना अशी मान्यता मिळालेली आहे. परंतु या मान्यतेमुळे मुधोळचा प्रत्येक कुत्रा शुद्ध ठरत नाही.

दुसरी नोंदणी एकेका कुत्र्याची. केनेल क्लबच्या वंशावळ-वहीत त्याच्या मातापित्यांची व पूर्वजांची नोंद होते. कातडीखाली बसविलेल्या मायक्रोचिपच्या क्रमांकावरून कागद आणि कुत्रा यांचा मेळ घालता येतो. तिसरी नोंदणी पैदास करणाऱ्या व्यक्तीची. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध (श्वानपैदास व विक्री) नियम, २०१७ अन्वये ती राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते.

वंशावळ म्हणजे आरोग्याची हमी नव्हे

वंशावळीच्या कागदावरून कुत्र्याचे कूळ कळते, प्रकृती कळत नाही. अनेक आनुवंशिक दोष सुप्त असतात. असा दोष एकाच पालकाकडून आला, तर कुत्रा निरोगी दिसतो, पण दोष पुढच्या पिढीकडे देऊ शकतो. अशा दोन वाहकांचा संयोग झाल्यास सरासरीने चारांपैकी एक पिलू रोगी, दोन वाहक आणि एकच दोषमुक्त निपजते. जवळच्या नात्यात संयोग केल्यास दोन्ही पालक एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. बाप व लेक यांच्या संयोगात पिलांचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के, तर सावत्र भावंडांच्या संयोगात १२.५ टक्के येतो. गावात चांगले नर मोजकेच असतील, तर हा धोका नकळत ओढवतो. यास्तव दूरच्या गावातील, नाते नसलेला नर निवडणे हितावह ठरते.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या वाणांत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. त्याचे निदान क्ष-किरण चित्राने होते आणि अंतिम निष्कर्षासाठी कुत्र्याचे वय दोन वर्षांचे असावे लागते. काही वाणांत दृष्टिपटल हळूहळू निकामी होऊन अंधत्व येते. त्यासाठी नेत्रतपासणी व जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. संयोगापूर्वी नर व मादी या दोघांची ब्रुसेला रोगासाठी रक्ततपासणी व्हावी, कारण या रोगाने गर्भपात व वंध्यत्व येते आणि तो माणसासही होऊ शकतो. संयोगातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ नाही, याचीही पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

नियमांतील प्रमुख तरतुदी

२०१७ च्या नियमांनुसार मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिची पैदास करता येत नाही आणि ८ वर्षांनंतर ती थांबवावी लागते. बारा महिन्यांत एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक विणी घेण्यास मनाई आहे. ८ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. मादीच्या शरीराची झीज भरून यावी आणि पिलांना आईचे दूध व सहवास मिळावा, हा या तरतुदींमागील हेतू आहे.

गावपातळीवरील कार्य

पंचायत सदस्य आणि शिक्षक यांना या कामी बरेच काही करता येईल. गावातील पैदास करणाऱ्यांची एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक विणीचा दिनांक, नर-मादीची ओळख, पिलांची संख्या, लसीकरण आणि आढळलेले दोष नोंदवावेत. दोष लपविण्यापेक्षा नोंदविण्यातच पालकाचे खरे हित आहे, हे सर्वांना पटवून द्यावे. पिलू घेणाऱ्यानेही आई प्रत्यक्ष पाहावी, आरोग्याचे दाखले मागावेत आणि दाखल्यातील मायक्रोचिपचा क्रमांक पडताळून घ्यावा. रेबीज प्रतिबंधक लस तर प्रत्येक कुत्र्यास, मग तो जातिवंत असो वा नसो, दिलीच पाहिजे.

दख्खनच्या माळावर घडलेला हा वाण केवळ अभिमानाने टिकणार नाही. वहीतील प्रामाणिक नोंद आणि पशुवैद्यकाची वेळीच केलेली तपासणी यांच्याच आधारे तो पुढच्या पिढीच्या हाती निरोगी स्थितीत सोपविता येईल.