मांजर आडवं गेलं, तो फोटो

काळं मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे येऊन थांबणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. ९ सप्टेंबर १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर रॉन सँटोला तशी सोय नव्हती. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचा हा फलंदाज बॅट घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत होता. भर सामन्यात कुठूनसं एक काळं मांजर आलं आणि त्याच्या जवळून, कब्जच्या डगआउटसमोरून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेसमोरून चालत गेलं. तेवढ्यात फोटो निघाला. ऑगस्टच्या मध्यात क्रमवारीत नऊएक सामन्यांनी पुढे असलेले कब्ज त्या दिवशी न्यूयॉर्क मेट्सकडून ७-१ असे हरले. दुसऱ्या दिवशी पहिला क्रमांक मेट्सकडे गेला आणि त्या वर्षी मेट्स जगज्जेते झाले. खरं तर कब्जची घसरण मांजर यायच्या आधीच सुरू झाली होती. पण फोटो पाहणाऱ्याला ते पटत नाही. आजही या फोटोच्या प्रती जपून ठेवल्या जातात.

बेसबॉलचे जुने फोटो बघायचं मला वेड आहे. लहानपणी काड्यापेट्यांचे छाप जमवायचो, त्याचंच हे मोठेपणीचं रूप. या फोटोंत खेळाडूंच्या आधी मी कोपरे बघतो. तिथे कुत्रा असतो, बोकड असतो, कधी अस्वलाचं पिल्लू. ही जनावरं शोभेसाठी आणलेली नसत. ती शकुनाची असत. ‘मॅस्कॉट’ हा शब्द आपण आज फुगीर पोशाखातल्या बाहुल्याला वापरतो. तो रुळला १८८०च्या ‘ला मास्कोत’ या फ्रेंच संगीतिकेमुळे, आणि तिच्यातली मास्कोत म्हणजे जिच्या पायगुणाने घराचं भलं होतं अशी मुलगी. पायगुण! याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही. त्या काळचे बेसबॉल संघ असा पायगुण चार पायांच्या प्राण्यांत शोधत होते.

त्याच दशकात न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचे छोटे फोटो घालायला सुरुवात केली. तेव्हाच्या कॅमेऱ्याला पळता खेळ टिपणं अवघड होतं. म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभं करत आणि चेंडू दोऱ्याने टांगत. नीट पाहिलं तर काही चित्रांत तो दोरा दिसतोही. माणसं श्वास रोखून उभी राहत. जनावराला ते कोण सांगणार? जुन्या फोटोंत बाकी सगळे रेखीव आणि कुत्र्याचं डोकं तेवढं पुसट, असं दिसतं ते यामुळेच. मला तो पुसटपणा फार आवडतो. सगळ्या चित्रात तेवढीच एक हालचाल खरी असते.

कुत्र्यांमध्ये नाव घ्यावं ते लॅरीचं. क्लीव्हलंड संघाचा कॅनडियन खेळाडू जॅक ग्रॅनी याचा हा बुल टेरियर १९१२पासून संघाबरोबर गावोगाव फिरला आणि मैदानावर कसरती करून प्रेक्षकांना रिझवत राहिला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याशी त्याची रीतसर ओळख करून देण्यात आली होती. ग्रॅनीही साधा गडी नव्हे. १९१४मध्ये बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ गोलंदाज म्हणून पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला, तेव्हा त्याच्यासमोर आलेला पहिला फलंदाज ग्रॅनीच. लॅरी १९१७मध्ये गेला. त्यामुळे तारीख नसलेल्या एखाद्या सांघिक फोटोत तो दिसला, तर फोटो कुठल्या पाच-सहा वर्षांतला आहे हे कळतं.

जोआची गोष्ट मात्र मला आनंदाने सांगता येत नाही. १९१६मध्ये कब्ज आज रिग्ली फील्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर राहायला आले. ‘कब’ म्हणजे पिल्लू, म्हणून संघाला खरंखुरं अस्वलाचं पिल्लू भेट मिळालं. देणारे होते संघाचे एक भागीदार जे. ओग्डेन आर्मर. त्यांच्याच आद्याक्षरांवरून पिल्लाचं नाव पडलं, जोआ. मैदानाबाहेर, अ‍ॅडिसन स्ट्रीटच्या बाजूला त्याचा पिंजरा होता. हे आर्मर शिकागोतले सर्वांत मोठ्या मांसव्यापाऱ्यांपैकी एक. रोज हजारो जनावरं कापणाऱ्या कारखान्यांच्या मालकाने एक पिल्लू शकुनासाठी जिवंत ठेवलं, हे कळल्यापासून जोआचे फोटो मी पूर्वीसारखे पाहू शकलेलो नाही.

शकुन कब्जना लाभलाही नाही. जगज्जेतेपद ठरवणाऱ्या वर्ल्ड सिरीजमध्ये १९४५ साली बिली सायनिस या गुत्तेवाल्याने आपल्या मर्फी नावाच्या बोकडासाठी तिकीट काढलं आणि बोकडाला हाकललं म्हणून शाप दिला, अशी कथा आहे. १९०८नंतर कब्ज पुन्हा जगज्जेते झाले ते थेट २०१६मध्ये.

पांढऱ्या हत्तीची हकिगत मात्र गोड आहे. पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९०२मध्ये न्यूयॉर्कच्या संघाचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ याने फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या नव्या संघाला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं. संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक चिडले नाहीत. त्यांनी हत्तीलाच संघाचं चिन्ह केलं आणि १९०५च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी मॅग्रॉच्या हातात खेळण्यातला हत्ती ठेवला. पुढे हा हत्ती गणवेशावर आला, बिल्ल्यांवर आला, संग्राहकांच्या कपाटांत आला. संघ कॅन्सस सिटीला गेला आणि चार्ली फिन्ली मालक झाले, तेव्हा हत्ती उतरला. त्याच्या जागी १९६५मध्ये एक जिवंत खेचर आलं. फिन्लींनी त्याला स्वतःचंच नाव दिलं, चार्ली ओ. ते खेचर हॉटेलांच्या लॉबीतही मिरवलं. मैदानाच्या कडेच्या उतारावर फिन्लींनी मेंढ्याही चरायला सोडल्या होत्या. इथे शकुन संपला आणि जाहिरात सुरू झाली, असं माझं मत आहे. १९६८मध्ये खेचर संघाबरोबर ओकलंडला गेलं आणि १९७६मध्ये वारलं. हत्ती १९८८मध्ये गणवेशाच्या बाहीवर परतला.

एक प्राणी मात्र या फोटोंत कायम आहे आणि मला तो फार उशिरा दिसला. मोठ्या लीगच्या चेंडूचं कातडं १९७४पर्यंत घोड्याचं असे, त्यानंतर गाईचं आलं. ‘ओल्ड जज’च्या चित्रात दोऱ्याला लटकलेला असतो, तो घोडाच.