घरातील वृद्ध मांजर

एखाद्या कुटुंबाचा डॉक्टर होऊन पंचवीस-तीस वर्षे झाली, की त्या घरातील कोणते प्रश्न आपले आणि कोणते नव्हेत, ही सीमा पुसट होते. रक्तदाब मोजून होतो, चिठ्ठी लिहून होते आणि दारापर्यंत गेलेले आजोबा परत वळून विचारतात, “डॉक्टर, आमची मनी हल्ली फार पाणी पिते. काही द्यावे का?” मी पशुवैद्य नाही. तिला औषध देण्याचा अधिकार मला नाही आणि मी ते देतही नाही. परंतु प्रश्न मात्र टाळत नाही. कारण त्यामागे बहुधा दोन रुग्ण असतात. एक ती मनी आणि दुसरे तिच्यासाठी रात्रीतून तीनदा उठणारे आजोबा. या लेखात दोघांचाही विचार करावयाचा आहे.

प्रथम वयाविषयी. मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या सुमारे १५ वर्षांइतके, दुसऱ्याच्या अखेरीस ते २४ वर्षांचे आणि पुढे दरवर्षी साधारण ४ वर्षांची भर, असा हिशेब पशुवैद्य सांगतात. म्हणजे १० वर्षांचे मांजर माझ्या वयाचे झाले आणि १५ वर्षांचे मांजर पंचाहत्तरी ओलांडून गेले. पंचाहत्तरीच्या माणसाची आपण जशी वर्षातून दोन वेळा तपासणी करवून घेतो, तशीच त्याचीही करावी. अडचण अशी, की माणूस कण्हतो. मांजर कण्हत नाही. दुखणे लपविणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे. कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर जाऊन बसणे हीच त्याची तक्रार. मरणकाळी मांजर घर सोडून जाते, असे आपल्याकडे म्हणतात; खरे पाहता आजारी मांजर आडोसा शोधते आणि पुष्कळदा तेथेच संपते.

म्हणून घरच्या माणसांनी दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली वजन. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटले, तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटल्यासारखे आहे. पण दाट केसांखाली ते दिसत नाही. तान्ह्या बाळाचा वजनकाटा मिळाल्यास उत्तम. नाहीतर झाकणाच्या टोपलीत बसवून ओळखीच्या वाण्याच्या काट्यावर न्यावे. महिन्यातून एकदा वजन करून आकडा दिनदर्शिकेवर लिहावा. दुसरी गोष्ट झोपेतील श्वास. मांजर शांत झोपलेले असताना छातीची वरखाली होणारी हालचाल एक मिनिट मोजावी. ती नेहमी ३० च्या वर जाऊ लागली, तर हृदय वा फुप्फुस तपासून घेण्याची वेळ आली असे समजावे. तोंड उघडे टाकून मांजर धापा टाकत असेल, तर मोजत बसू नये; त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

आता आजोबांच्या मनीकडे येऊ. उतारवयात पाणी अधिक पिणे आणि लघवी अधिक होणे यामागे तीन आजार प्रामुख्याने असतात : मूत्रपिंडांचा जुनाट विकार, मधुमेह आणि थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक. पहिला सर्वांत जास्त आढळतो. मूत्रपिंडांचे सुमारे दोन तृतीयांश कार्य संपले, की मांजराची लघवी पातळ होऊ लागते, आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढते तेव्हा जेमतेम चतुर्थांश कार्य शिल्लक असते. याचा अर्थ असा, की “पाणी जास्त पिते” ही तक्रार रक्ताच्या अहवालाच्याही आधी बोलते. ती ऐकणाऱ्या घराला मांजराची दोन-चार वर्षे अधिक लाभू शकतात. कारण या विकारातही आहार बदलून, फॉस्फरस कमी करून आणि रक्तदाब आटोक्यात ठेवून पुष्कळ काळ बरा जातो.

थायरॉइडचा आजार फसवा आहे. मांजरातील या रोगाचे वर्णन प्रथम १९७९ मध्ये अमेरिकेत झाले. मांजर हावरटासारखे खाते, रात्री ओरडत फिरते आणि तरीही वाळत जाते. “खाते चांगले, म्हणजे प्रकृती ठीक आहे” या समजुतीमुळे या रुग्णाला उशिरा नेले जाते. यावर दिल्या जाणाऱ्या मेथिमाझोलच्या गोळीबद्दल माझ्या बाजूची एक सूचना आहे : घरात गर्भवती स्त्री असेल, तर ती गोळी तिने हाताळू नये, दुसऱ्या कोणी तरी हातमोजे घालून द्यावी.

रक्तदाब तर माणसासारखाच मांजरालाही होतो. काल दिसणारे मांजर आज भिंतीला धडकते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या राहतात, तेव्हा वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटलेला असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी उपचार मिळाले, तर कधीकधी दृष्टी परत येते. गंमत अशी, की यासाठी पशुवैद्य देतात ते अम्लोडिपिन आजोबांच्या डब्यातही असते. म्हणूनच मला भीती वाटते. मांजराची मात्रा त्या गोळीचा लहानसा तुकडा असते आणि रक्तदाब मोजल्यावाचून ती ठरविता येत नाही.

या विषयावर मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. कारण येथे धोका आपल्या घरातून, आणि तोही मायेपोटी येतो. मांजराचे स्वाभाविक तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असते. आपला हात त्याच्या पोटाखाली गेला, की ते गरम लागते. मग कोणी तरी म्हणते, “ताप दिसतो आहे”, आणि पॅरासिटॅमॉलची चतकोर गोळी दुधातून दिली जाते. माणसाचे यकृत हे औषध ज्या प्रक्रियेने निर्धोक करते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. औषधाचे विषारी अंश साचतात, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या तपकिरी वा निळसर पडतात, चेहरा व पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे आणि चतकोरही सुरक्षित नाही. असे घडल्यास लपवू नये. गोळीचे पाकीट घेऊन ताबडतोब पशुवैद्याकडे जावे, किती व केव्हा दिली ते स्पष्ट सांगावे. अॅसिटिलसिस्टीन हा माणसासाठी वापरला जाणारा उतारा त्यांनाही उपयोगी पडतो, पण तो पहिल्या काही तासांतच.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनाही हाच नियम. सांधेदुखीचा मलमदेखील : आजीने गुडघ्याला चोळला, मांजर मांडीवर बसले, त्याने अंग चाटले, एवढेही घातक ठरू शकते. फरशी पुसण्याचे फिनेल पायांना लागते आणि पंजे चाटताना पोटात जाते. वृद्ध मांजराच्या घरी साबणाचे पाणी पुरे. कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कदापि लावू नये. आणि लग्नसमारंभातून येणाऱ्या पुष्पगुच्छांत लिली असते. तिचे पान, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकते. ती घरात आणूच नये.

आहाराविषयी आपल्या घरांत दोन समजुती फार घट्ट आहेत. एक, मांजर म्हणजे दूध. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही आणि जुलाबांनी म्हाताऱ्या मांजराच्या अंगातले पाणी कमी होते. दुसरी, आम्ही शाकाहारी म्हणून आमचे मांजरही दहीभातावर राहते. ते राहत नाही; शेजारी आणि उंदीर त्याची उणीव भरून काढीत असतात. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही, ते त्याला मांस-मासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू ताणले जाऊन दुबळे होतात. हा दुसरा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाला. म्हातारपणी शिकार सुटते, तेव्हा दहीभाताच्या घरातील मांजराचा तो चोरटा आधारही जातो. अशा घरांनी मांजरांसाठी तयार मिळणारे अन्न आणावे. त्यात टॉरिन घातलेले असते. दुसऱ्या टोकाला, कोकणातील घरांतून सुकट-बोंबील सढळ हाताने घातले जातात. त्यातील मीठ मूत्रपिंडांच्या व रक्तदाबाच्या रुग्णाला योग्य नव्हे. चिकनचे पाणी द्यावयाचे, तर त्यात कांदा-लसूण नसावा. दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आजारपणात लंघन करण्याची आपली जुनी रीत आहे. ती मांजराला लावू नये. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर अंगातील चरबी यकृतात जाऊन साठते आणि त्यातून कावीळ व मृत्यू ओढवू शकतो. अन्न किंचित कोमट केल्यास वास सुटतो आणि वासावरच मांजराची भूक अवलंबून असते. एक दिवस संपूर्ण उपास घडला, तर पशुवैद्यांना कळवावे. बोका लघवीला बसून जोर करतो आणि काही उतरत नाही, ही तर त्याहूनही तातडीची अवस्था; त्यात सकाळची वाट पाहू नये.

हिंडण्याफिरण्याची सोय करणे मात्र सोपे आहे आणि तिचा लाभ लगेच दिसतो. एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरील दहांपैकी नऊ मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही. ते खिडकीवर उडी मारणे सोडते, पाठीचे केस चाटणे सोडते, म्हणून तेथे गुठळ्या होतात. खिडकीखाली चौरंग आणि त्याच्याखाली पाट ठेवला, की त्याला पायऱ्या मिळतात. वाळूच्या घमेल्याची कड उंच असेल, तर ते बाहेर घाण करते आणि आपण त्याला रागावतो. एका बाजूने कड कापलेले पसरट भांडे द्यावे. गोधडी उन्हाच्या कोपऱ्यात असावी. नखे झिजत नाहीत, वळून तळव्यात रुततात, पंधरवड्याने पाहावीत. रात्री उठून ते भांबावल्यासारखे ओरडत असेल, तर रक्तदाब व थायरॉइड तपासून घ्यावे. ते ठीक असल्यास वार्धक्यातील विस्मरण असू शकते. त्याला एक मंद दिवा पुष्कळ उपयोगी पडतो, जसा तो विस्मरण झालेल्या माणसालाही पडतो.

मूत्रपिंडांच्या रुग्णाला त्वचेखाली सलाइन देण्यास पशुवैद्य घरच्यांनाच शिकवितात. ऐकून लोक दचकतात. मानेमागची सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई सरकवावयाची, ठरवून दिलेले सलाइन सोडावयाचे. तेथे एक मऊ फुगवटा येतो, कधी ओघळून पुढच्या पायापाशी जातो आणि काही तासांत जिरतो. शीर शोधावी लागत नाही. शीर न मिळणाऱ्या वृद्ध माणसांनाही अखेरच्या दिवसांत हीच पद्धत उपयोगी पडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हृदयविकार असलेल्या मांजराला मात्र ते घातक ठरू शकते. म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. आणि ज्याचे हात कापतात त्याने हे काम सुनेवर वा नातवावर सोपवावे, स्वतः मांजराचे डोके कुरवाळीत बसावे.

घरातील माणसांच्या आरोग्याबाबतही थोडे सांगितले पाहिजे. दुखणाईत मांजर चावते. त्याचे दात बारीक, जखम टाचणीएवढी. पण जंतू सांध्यापर्यंत पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. रेबीजच्या लसीचा निर्णय त्यांना घेऊ द्यावा. गर्भवतीने वाळूचे भांडे दुसऱ्याकडे द्यावे आणि ते रोज साफ व्हावे. टॉक्सोप्लाझ्माचे बीज विष्ठेत पडल्यापासून संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. एवढी काळजी घेतल्यावर सून गरोदर आहे म्हणून पंधरा वर्षांचे मांजर घराबाहेर काढण्याचे काही कारण उरत नाही.

एक वेळ अशी येते, की औषधे चालू असतात पण मांजर उरलेले नसते. ती ओळखण्यासाठी एका आजींनी केलेली युक्ती मला आवडली. त्यांनी दिनदर्शिकेवर चांगल्या दिवसाला कुंकवाचा ठिपका आणि वाईट दिवसाला पेन्सिलीची फुली करण्यास आरंभ केला. खाल्ले का, अंग चाटले का, हाक मारल्यावर मान वळवली का, एवढ्यावर निर्णय. दोन महिने ठिपके होते. तिसऱ्या महिन्यात सलग अकरा फुल्या आल्या. तरीही त्या पशुवैद्याकडे जाईनात. मांजर हातून मेले, तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, हे त्यांच्या मनात होते. मी त्यांना म्हटले, “आजी, तो दंड निरोगी मांजराला काठी मारणाऱ्यासाठी सांगितला असावा. तुम्ही अकरा दिवस रात्री जागून त्याच्या तोंडात पाणी सोडता आहात.” त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मुलाबरोबर गेल्या.

माणसाच्या बाबतीत प्राण मुद्दाम संपविण्याची मुभा आपला कायदा डॉक्टरला देत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ निरर्थक उपचार थांबविण्यास, तेही कडक अटींवर, मान्यता दिली. पशुवैद्याला ती मुभा आहे. ती किती जड आहे हे मला दुरून दिसते, म्हणून निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर ढकलू नये. ठिपके-फुल्यांची नोंद त्यांच्यासमोर ठेवावी. प्रथम गुंगीचे इंजेक्शन, नंतर शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा, काही क्षणांत शुद्ध हरपते. डोळे उघडेच राहतात आणि शेवटी एखादा स्नायू उडतो किंवा श्वासासारखी हालचाल होते. ती वेदना नव्हे, हे जवळ बसणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवावे. “झोपवले” असे मात्र त्यांना सांगू नये. लहान मूल पुढे स्वतः झोपायला घाबरते. “मेली” हा शब्द त्यांना समजतो.

नंतरच्या आठवड्यात घरातील दुसरे मांजर असेल, तर ते शोधीत फिरते. गोधडी लगेच धुवू नये. उरलेली औषधे मोरीत न ओतता पशुवैद्यांकडे परत द्यावीत. आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे विशेष लक्ष असू द्यावे. मनीच्या वेळा सांभाळताना त्यांच्याही गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या जात होत्या. ती गेल्यावर सकाळचा चहा उशिरा होतो, रक्तदाबाची गोळी राहून जाते, जेवण एकवेळचे होते. अशा आजी-आजोबांना पंधरा दिवसांनी, तक्रार नसली तरी, तपासणीस घेऊन यावे.