कांटेरी पाहुण्याचें घर

गेल्या पौषांतील एका पहाटेची गोष्ट. नाशिकांत कडाक्याची थंडी पडली होती. निफाडकडे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्याचें कानीं येत होतें. माझा नातू धांवत आला आणि म्हणाला, "आजोबा, तो उठतच नाहीं हो!" 'तो' म्हणजे आमच्या घरीं तीन महिन्यांपूर्वीं आलेला जाहक. हातांत घेतला तों पोट थंडगार, अंग अर्धवट मिटलेलें, श्वास चालतो कीं नाहीं याचाच संशय. नातवाच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें, आणि मला माझ्या इतक्या वर्षांच्या मास्तरकीची लाज वाटली. कारण त्या मुक्या जीवाचें घर मींच सजविलें होतें. तें कोठें चुकलें आणि पुढें कसें सुधारलें, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हा प्राणी कोण तें पाहूं. पुष्कळ लोक याला साळिंदराचें पिलूं समजतात. पण साळिंदर कुरतडणारा, उंदराच्या गोतांतला. जाहक किडे खाणारा, चिचुंद्रीच्या गोतांतला. याच्या पाठीवर कित्येक हजार आंखूड कांटे असतात, आणि भय वाटतांच तो अंगाचा चेंडू करितो. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखांत याच्या देशी जाती आहेत. परंतु त्या रानाच्या, आपल्या नव्हेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यांना पकडणें किंवा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. घरांतून पाळला जातो तो लहान आफ्रिकी जाहक. त्याचें वजन सुमारें पाव ते अर्धा किलो, आणि आयुष्य बहुधा चार-सहा वर्षांचें. परदेशी प्राण्यांविषयींचे नियम बदलत असतात; म्हणून घेण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

मीं काय केलें होतें? पोपटाचा जुना पिंजरा घांसून-पुसून ओसरीवर ठेविला. मला तो स्वच्छ आणि हवेशीर दिसला. पण दिसला मला, आणि तोहि दिवसां! जाहक जागतो रात्रीं. रानांत किड्यांच्या शोधांत तो एका रात्रींत मैल-दोन मैल भटकतो. त्याची दृष्टि मंद. जग तो नाकानें आणि कानांनीं ओळखतो. माझ्या पिंजऱ्यांत फिरावयास जागा नव्हती, तळाच्या तारांत पाय अडकत, आणि दडावयास एकहि कोपरा नव्हता. यावरून पहिला धडा मिळाला कीं, घर आपल्या डोळ्यांनीं पाहूं नये, त्याच्या पायांनीं मोजावें.

आतां आमच्या नव्या घराचें वर्णन ऐका. चार फूट लांब व दोन फूट रुंद अशी लांकडी पेटी, तळ सपाट आणि भरीव. भिंती दीड फूट उंच व आंतून गुळगुळीत. कारण हा प्राणी वर चढतो, पण उतरण्याची कला त्याला नाहीं, आणि पडून पाय मोडतो. वर जाळीचें झांकण व त्याला कडी. त्यानें मांजर आणि घूस बाहेर राहतात, आणि हा आंत राहतो.

तळाशीं तीन-चार बोटें जाडीचा थर: स्वच्छ माती, थोडी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा. वर वाळलेलीं पानें पसरावीं, म्हणजे हुंगावयास आणि उकरावयास विषय मिळतो. येथें नाशिककरांस एक विशेष सूचना: माती आणि पानें द्राक्षबागेंतून आणूं नयेत; तेथें औषधांची फवारणी झालेली असते. तेथील किडेहि खावयास घालूं नयेत. वखारींतला देवदाराचा उग्र वासाचा भुसा, तसाच कापूस आणि सुटे दोरे वर्ज्य करावेत. वासानें श्वासास त्रास होतो, आणि दोरा पायांत गुंतून रक्त थांबवितो.

दडण्यासाठीं एक कौल व आडवें ठेविलेलें मडकें पुरतें. मडक्याची कड मात्र घांसून बोथट करावी. पाण्यासाठीं उथळ, जड वाटी. पळण्यासाठीं फुटभर व्यासाचें चाक, पण त्याची धांव भरीव असावी, गजांची नव्हे. दोन जाहक एका घरांत ठेवूं नयेत. हा एकलकोंडा प्राणी आहे, आणि सोबत मिळाली तर भांडतो.

परंतु माझी सर्वांत मोठी चूक उष्णतेची होती. युरोपांतला जाहक हिंवाळाभर निजून वसंतांत उठतो. आफ्रिकी जाहकास ती विद्या साधलेली नाहीं. त्याला 24 ते 29 अंश सेल्सिअस उष्णता मानवते. पारा 18 च्या खालीं गेला कीं त्याला गुंगी येऊं लागते, आणि त्या गुंगींतून तो उठेलच असा भरंवसा नसतो. आमच्या ओसरीवर तर त्या रात्रीं पारा दहाच्याहि खालीं उतरला होता! आतां पेटी आंतल्या खोलींत आहे. एका टोकाला, जाळीच्या बाहेर, प्रकाश न देणारा सिरॅमिकचा तापक थर्मोस्टॅटला जोडून टांगला आहे. दुसरें टोक किंचित् थंड, म्हणजे निवड त्याची त्यानें करावी. दोन्हीं टोकांस उष्णतामापक आहेत. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून आंत ठेवितों. चैत्र-वैशाखांत उलट काळजी. तेव्हां तापक बंद, आणि निजावयास शहाबादी फरशीचा एक तुकडा.

त्या पहाटे मी त्याला सदऱ्याच्या आंत पोटाशीं धरून बसलों. गरम पाणी किंवा शेगडी अशा वेळीं घातक; ऊब हळूहळूच द्यावी. तासाभरानें नाक हललें, आणि आम्हीं त्याला तसेंच पशुवैद्यांकडे नेलें. तो वांचला. तेव्हांपासून नातू दर रविवारीं त्याचें वजन स्वयंपाकघराच्या काट्यावर घेऊन वहींत मांडतो, आणि त्याला हाताळल्यावर हात साबणानें धुतो. वजन दोन आठवडे घटलें तर वैद्य गांठावयाचा, असा आमचा नियम आहे.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रानांत सोडून द्यावा! पण हा आपल्या रानाचा नव्हे. सोडणें म्हणजे त्याला मरणाच्या हवालीं करणें. ज्याला एवढें करणें शक्य नसेल त्यानें तो आणूंच नये, आणि यांत कमीपणा नाहीं. दाराशीं आलेल्या पाहुण्यास आपण चांगलें पान वाढतों. हा तर आपण होऊन आलेला नाहीं, आपणच त्याला आणिलेला आहे. म्हणून त्याची रात्र सुखाची जावी, एवढें तरी पाहणें आपलें काम आहे.