पाच महिन्यांचा पोप

इ. स. १२९४चा जुलै महिना. इटलीतल्या सुल्मोना गावाजवळचा मोरोने डोंगर चढून काही बडे धर्माधिकारी घामाघूम होत एका गुहेशी पोचले. जाळीच्या खिडकीआड उपासांनी खंगलेला, ऐंशीच्या आसपासचा एक बैरागी बसला होता. त्याच्यापुढे ते गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, कार्डिनलांनी तुम्हाला पोप निवडलं आहे.

त्याचं नाव पिएत्रो. मोलिसे भागातल्या एका गरीब शेतकऱ्याच्या बारा मुलांपैकी एक. आयुष्याचा मोठा काळ त्याने मोरोने आणि मायेला या डोंगरांत एकांतात काढला होता. तरीही तो अगदीच भोळा गोसावी नव्हता. त्याने स्वतःचा मठपंथ उभा केला होता, आणि तो मोडीत निघू नये म्हणून १२७४मध्ये पोपला गाठायला तो थेट फ्रान्समधल्या लियोंपर्यंत चालत गेला होता.

त्याच्यावर ही वेळ आली ती दुसऱ्यांच्या भांडणामुळे. पोप चौथा निकोलस एप्रिल १२९२मध्ये वारला आणि गादीचं घोंगडं सत्तावीस महिने भिजत पडलं. कार्डिनल मूठभर, त्यांच्यातच ओर्सिनी आणि कोलोन्ना घराण्यांचे गट, आणि माघार कुणीच घेईना. अखेर देवाचा कोप होईल असा इशारा देणारं पिएत्रोचं पत्र बैठकीत आलं आणि त्याचंच नाव पुढे झालं, असं सांगतात. नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स मात्र देवाच्या कोपावर विसंबून नव्हता. हातचं गेलेलं सिसिली परत मिळवायला त्याला आपल्या शब्दातला पोप हवा होता.

पिएत्रो गाढवावर बसून लाक्विला शहरात आला, तेव्हा लगाम धरायला राजा आणि राजपुत्र होते. २९ ऑगस्टला कोल्लेमाज्जोच्या चर्चमध्ये त्याचा अभिषेक झाला आणि तो पाचवा सेलेस्टिन झाला. दरवर्षी त्या दिवशी पश्चात्तापाने या चर्चमध्ये येईल त्याला पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफी, असं फर्मान त्याने काढलं. गरीब-श्रीमंत सगळ्यांना, तीही फुकट!

पुढे राजाने त्याला नेपल्सच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. पोप असताना त्याने रोम पाहिलंच नाही. त्याआधीच सप्टेंबरमध्ये त्याने बारा नवे कार्डिनल नेमले, त्यात राजाच्या मर्जीतल्यांचाच भरणा. एकच पद दोघातिघांना दिलं जाई. लॅटिन बेताचं, म्हणून सभेचं कामकाज साध्या बोलीत चाले. महालातच लाकडी खोली बांधून घेऊन तो तिच्यात कोंडून घेऊ लागला.

मग त्याने कार्डिनल बेनेदेत्तो काएतानीचा सल्ला घेतला. हा कायद्याचा किडा. पोपला राजीनामा देता येतो, असा निर्वाळा त्याने दिला. १३ डिसेंबरला सेलेस्टिनने सर्वांसमक्ष अंगठी आणि राजवस्त्रं उतरवली. अकरा दिवसांनी नवा पोप निवडला गेला, तो हाच काएतानी. नाव आठवा बोनिफेस! सेलेस्टिनने गादी सोडावी म्हणून त्यानेच रात्री नळीतून त्याला देववाणी ऐकवली, ही कथा मात्र शत्रूंनी रचलेली दिसते.

पिएत्रोला डोंगरावर परतायचं होतं. पण जिवंत माजी पोप म्हणजे विरोधकांच्या हातात कोलीत. तो पळाला, एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर पकडला गेला आणि फुमोनेच्या किल्ल्यात कैदेत पडला. १९ मे १२९६ रोजी तिथेच वारला. बोनिफेसचा कट्टर वैरी असलेल्या फ्रान्सच्या राजाच्या रेट्यामुळे १३१३मध्ये तो संत झाला.

कवी दान्तेच्या काव्यातल्या नरकाच्या दारात भेकडपणे नकार देणारी एक निनावी छाया आहे. ती सेलेस्टिनचीच, असं अनेक टीकाकार मानतात. मला हा न्याय कठोर वाटतो. कार्डिनलांना कुलूपबंद करून निवड उरकायला लावणारा, गुंडाळून ठेवलेला नियम या ‘नालायक’ पोपनेच पुन्हा लागू केला. बोनिफेसने त्याचे बहुतेक हुकूम फिरवले, पण हा नियम राखला. राजीनाम्याचा हक्क तर त्याने १२९८च्या धर्मकायद्याच्या संहितेतच घातला. न घालून सांगतो कुणाला? त्याची स्वतःची गादी त्याच कलमावर उभी होती.

माफीचं फर्मानही बोनिफेसने रद्द केलं होतं. लाक्विलाकरांनी ते मुळीच मनावर घेतलं नाही. त्या माफीचा उत्सव तिथे दर ऑगस्टमध्ये होतो आणि २०१९मध्ये युनेस्कोच्या वारसायादीतही गेला. २००९च्या भूकंपात कोल्लेमाज्जोचं छत कोसळलं, तेव्हा पाहणीला आलेल्या पोप सोळाव्या बेनेडिक्टने सेलेस्टिनच्या शवपेटीवर आपला लोकरी पट्टा ठेवला. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१३मध्ये, त्यानेही राजीनामा दिला.