गाडी धुवा, रंग जपा

गाडीच्या रंगावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात, ते याच थरावर उमटलेले असतात.

• एकच फडकं नको : सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. फडक्यात अडकलेले वाळूचे कण प्रत्येक गाडीचा रंग खरवडतात.

• आधी नुसतं पाणी : टपापासून खाली धार सोडा. धूळ वाहून गेल्यावरच हात लावा.

• दोन बादल्या : एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक भाग धुतला की मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात खळबळा, मगच पुन्हा शाम्पूत बुडवा.

• भांड्यांचा साबण टाळा : तो रंगावरचं वॅक्स काढून टाकतो. कार शाम्पूच वापरा.

• चाकांचं कापड वेगळं : चाकांवर ब्रेकमधून झडलेली धातूची भुकटी असते.

• सावलीत धुवा : तापलेल्या पत्र्यावर पाणी झटकन सुकतं आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. धुतल्यावर लगेच मायक्रोफायबरच्या टॉवेलने पाणी टिपून घ्या.

• पक्ष्यांची विष्ठा : ती रंगाला खाते, त्यामुळे त्याच दिवशी काढा. ओलं कापड काही मिनिटं ठेवून मऊ करा आणि अलगद उचला, घासू नका.