सासर, माहेर आणि घरोट

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. या शब्दात 'घर' दडले असावे असे वाचकास वाटेल. पण तो मोह आवरावा. त्याचे मूळ संस्कृतातील 'घरट्ट' या जातेवाचक शब्दात आहे. आणि तरीही परक्या घरी आलेल्या मुलीचे त्या घराविषयीचे पहिले मोकळे बोलणे बहुधा या घरोटापाशीच होत असे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर आसोदे, सासर जळगाव. विवाह तेराव्या वर्षी झाला. अक्षरओळख नव्हती, दळताना, शेतात राबताना जे सुचले ते ओठांवरच राहिले. पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवले तेवढेच वाचले, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाले. या रचनेस सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक पुष्कळांकडून होते. धुळ्याकडील अहिराणीत 'घरना', 'मायनी' अशी षष्ठी येते; बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत मात्र मराठीचाच चा-ची प्रत्यय आढळतो.

त्यांच्या 'योगी आणि सासुरवाशीण' या रचनेत योगी विचारतो, की माहेर एवढे प्रिय असता सासरी का नांदतेस? लेकीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी राहते, असे तिचे उत्तर आहे. 'माहेर' मातृगृहापासून आणि 'सासर' श्वशुरगृहापासून आले, हे भाषाभ्यासक जाणतात. परंतु ही दोन नावे एकाच वास्तूची आहेत, एक आजचे व एक उद्याचे, हे या निरक्षर स्त्रीने व्युत्पत्तीवाचून ओळखले. काल पाहुणी म्हणून आलेली मुलगी उद्या यजमानीण होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव-धुळे भागात हे प्रत्यक्ष दिसते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरात आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. ते मांडे हातावर मोठे करून खापरावर टाकणारी स्वतःही कधीकाळी याच दारातून परकी म्हणून आत आलेली असते.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरोट मुका झाला. त्यावर स्वतः गायिलेल्या स्त्रियांची पिढी आता सरत आली आहे. त्यांच्या ओव्या टिपताना गावाचे एकच नाव लिहून थांबू नये. माहेर कोणते, सासर कोणते, दोन्हींकडील बोली कोणत्या, हे सर्व नोंदवावे. कारण सासुरवाशिणीच्या एकाच ओवीत दोन गावांची रूपे शेजारी शेजारी येऊ शकतात.