स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार : टाकायची की सुधारायची?

शेतकरी बंधूंनो, या पानावर नेहमी खत-बियाण्याचा विषय असतो, आज गिटार कुठून आली, असं म्हणाल. कारण असं की मागे माती परीक्षणाच्या पत्रिका वाटायला एका गावात गेलो होतो. ओसरीवर युरियाच्या गोण्यांना टेकून एक इलेक्ट्रिक गिटार उभी. घरधनी म्हणाले, "साहेब, सात हजाराला आणली पोरानं. वर्ष झालं नाही तर म्हणतो ही बेसूर आहे, पंचवीस हजाराची पाहिजे. आता हिच्यासाठी सोसायटीचं कर्ज काढू का?"

मी स्वतः थोडीफार वाजवतो म्हणून हातात घेतली. तारा गंजलेल्या, पडद्यांपासून चांगल्या बोटभर उचललेल्या, घोडी कारखान्यातून आली तशीच. पोराचं चुकलं नव्हतं आणि गिटारचंही फारसं नाही. पेरणी झाली होती, कोळपणी कोणी केलीच नव्हती. हल्ली गावोगाव भजनी मंडळात, ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या स्टेजवर अशा गिटारी दिसतात, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, पिकअप बदलायला धावू नका. दुकानदार तेच सुचवील, कारण त्यात पैसे आहेत. माती न तपासता खत टाकण्यातला तो प्रकार. आधी गिटारची मान तपासा. सहा तारांचा मिळून ताण साधारण 40 ते 45 किलो असतो, म्हणजे मानेवर युरियाची एक गोणीच टांगलेली समजा. हा ताण पेलायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथं अंगाला जोडते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी बघा. तार आणि पडदा यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. फट जास्त असेल तर सळईचा नट ॲलन चावीनं घट्ट करायचा, अजिबात नसेल तर सैल. पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग सूर लावून एक दिवस थांबायचं, कारण लाकूड सावकाश ऐकतं. नट अडला तर जोर करू नका. माझ्या पहिल्या गिटारचा नट मी असाच जोर करून घालवला आणि मानच बदलावी लागली.

लाकडाचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आटतं आणि धाव सैल होते. गिटारचंही तेच. चैत्र-वैशाखात मानेचं लाकूड आटलं की पडद्यांची टोकं कडेला बाहेर येतात आणि बोटाला कापतात. पोरगं म्हणतं माल खराब निघाला. बारीक कानशीनं ती टोकं तिरकी घासून घेतली की काम झालं, फक्त लाकडाला कानस लागू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान हलते, तेव्हा मृगाच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ही फट बघत जा. आणि गिटार युरियाच्या गोणीपाशी ठेवू नका. युरिया हवेतली ओल ओढतो, तारा गंजणार नाहीत तर काय!

मग घोडी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवली की बोटं दुखत नाहीत. त्यानंतर सुराचं. तारेची लांबी बरोबर असेल तर मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या पडद्यावरचा सूर एकच, फक्त एक सप्तक वर, असा लागतो. बाराव्यावर सूर चढत असेल तर घोडीवरचा त्या तारेचा तुकडा मागे घ्यायचा, उतरत असेल तर पुढे. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप फुकट मिळतं, त्यावर बघा. जुन्या तारांवर मात्र हे करू नका, गंजलेली तार सूर धरत नाही. नवा संच आणा, 9 किंवा 10 नंबरचा. हे एवढं केल्यावर त्या सात हजाराच्या गिटारची निम्मी तक्रार तिथंच संपली.

वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर सूर चढतो. ते घासणं मात्र कारागिराचं काम, घरच्या करवतीनं नको. आपल्याकडे हाताला हे वळण आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूर भागातल्या शेतातून येतात. पण सतारीच्या घोडीला जवारी काढतात ती तार गुंजावी म्हणून, इथं तार पडद्यावर अजिबात झणझणायला नको. कारागिराला हे आधी सांगा.

आता विजेकडे येऊ. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते. मोटार रिवायंडिंग करणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं. हेच वेढे घरातल्या वायरिंगची गुणगुणही पकडतात, आपल्याकडे ती 50 हर्ट्झची. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन उलटे वेढे जोडून ही गुणगुण मारली, त्याला हमबकर म्हणतात. आपण मात्र आधी स्वस्त उपाय करू. गिटारच्या पोटातली पोकळी तांब्याच्या चिकट फॉईलनं आतून मढवा आणि फॉईल अर्थच्या वायरला डाग द्या. सिग्नलची वायर तिला टेकू देऊ नका, नाहीतर आवाजच बंद. बटण फिरवताना खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. एवढं करूनही आवाज मेलेला वाटला तरच पिकअप बदला. बदलताना एकेरी वेढ्याच्या पिकअपला 250 किलोओहमचा पॉट आणि हमबकरला 500 चा, हे लक्षात ठेवा.

घरी केलेली वस्तू कमअस्सल असते असं कोणाला वाटत असेल तर सांगतो. इंग्लंडमध्ये ब्रायन मे या पोरानं 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. पुढे क्वीन या बँडमध्ये आयुष्यभर त्यानं तीच वाजवली. अमेरिकेतल्या एडी व्हॅन हेलननंही सुटे भाग जमवून स्वतःची गिटार जोडली होती. आपला शेतकरी भंगारातून कोळपं बनवतो, त्यातलंच हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या घरी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली आणि तारेला हात लावला तर झिणझिण्या. पोरगा म्हणाला, "सर, ते नेहमीच येतं." भिंतीवरचा बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. गिटारच्या तारा घोडीखालून एका वायरनं ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. बोर्डालाच अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये गळती झाली, तर वीज सरळ बोटात. त्यात समोर दुसऱ्या लाईनवरचा माईक असेल आणि ओठ टेकले, तर वीज अंगातून आरपार जाते. हे घडलेलं आहे. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून गेला. 1976 मध्ये कीथ रेल्फ हा गायक घरात गिटार वाजवताना शॉक लागून गेला. विहिरीवरच्या मोटारीनं माणसं कशी जातात ते आपण पाहिलंय, ही वेगळी वीज नाही.

गुणगुण कमी होते म्हणून काही पोरं प्लगची तिसरी पिन काढतात. ती आधी परत बसवायला लावा. त्या घरी आम्ही वायरमन बोलावून कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तारा, फॉईल, क्लीनर यांचा खर्च हजाराच्या आत राहिला, अर्थिंगचा वेगळा. कर्जाची गोष्ट तिथंच थांबली.

ग्रामसेवक आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. गणपतीच्या स्टेजला माईक आणि गिटारचे ॲम्प्लिफायर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून द्या, आकडा टाकून किंवा दोन घरांतून दोन लाईनी ओढून नको. कार्यक्रमाआधी वायरमनकडून मीटर लावून माईकची जाळी आणि गिटारची तार यांच्यात व्होल्टेज आहे का ते बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा, कोरड्या मातीतून वीज उतरत नाही.